भिडेपोटी

खेड, चिपळूण, गुहागर या पट्ट्यातल्या एखाद्या मुलाचं बोन मॅरो ट्रान्सप्लांट ठरलं, की कुणीतरी त्याच्या आईवडिलांना माझा नंबर देतं. "लोट्यात एक जण आहेत, त्यांच्या मुलाचं झालंय," एवढीच माझी ओळख. फोनवर माणसं विचारतात, खायला काय घालायचं, खोली कशी ठेवायची, मास्क किती महिने लावायचा. ही सगळी उत्तरं हॉस्पिटलच्या छापील पुस्तिकेत असतात आणि माझ्यापेक्षा तिथं ती नीट दिलेली असतात. मी त्यांना पुस्तिकेत नसलेलं सांगतो, म्हणजे आम्ही कुठं कुठं घसरलो ते.

मी लोटे-परशुराम एमआयडीसीतल्या एका केमिकल कारखान्यात प्लांट ऑपरेटर आहे. आमच्याकडे हेल्मेट-गॉगलशिवाय प्लांटमध्ये पाऊल टाकता येत नाही आणि टाकीत उतरायचं तर आधी परमिट लागतं. रीडिंग घेतलं की वेळ टाकून सही करायची, ही सवय हाडात मुरलेली. नियम पाळण्याचा पगार घेणाऱ्या माणसाने घरी मात्र नियम मोडले. त्यातला एकही हलगर्जीपणाने मोडला नाही. कुणाचं मन मोडवेना, कुणापुढे तोंड उघडवेना, म्हणून मोडले. भीड भिकेची बहीण म्हणतात. आमच्या घरी ती मुलाच्या जिवाशी आली.

धाकटा तेव्हा पहिलीत होता. श्रावणात त्याच्या नडग्यांवर काळेनिळे डाग दिसायला लागले. खेळताना आपटला असेल म्हणून आम्ही सोडून दिलं. मग एका सकाळी दात घासताना हिरड्यांतून रक्त आलं, ते थांबेना. चिपळूणला रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट्स, तिन्ही तळाला गेलेलं. मुंबईला नेल्यावर कमरेच्या हाडातून मज्जेचा नमुना काढला. रिपोर्ट आला, अप्लास्टिक अ‍ॅनिमिया. रक्त बनवणारी मज्जा जवळपास संपलेली, तिच्या जागी चरबी. हा कॅन्सर नव्हे, पण इतका तीव्र झाल्यावर उपचारांवाचून मूल हाती लागत नाही.

मुंबईला निघायच्या आधीच पहिली चूक झाली होती. चिपळुणात त्याला रक्त चढवायचं ठरलं तेव्हा माझा भाऊ ड्यूटी टाकून धावत आला. रक्तगट जुळत होता. रक्तपेढीत पिशवी तयार होती, पण भाऊ म्हणाला, "पुतण्याला काकाचं रक्त चालायचं नाही तर कुणाचं?" डॉक्टरांचा फारसा आग्रह नव्हता, आणि मला भावाला नको म्हणवेना. त्याचंच रक्त चढलं. मुंबईच्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत विचारलं, "घरच्यांपैकी कुणाचं रक्त दिलंय का?" मी अभिमानाने हो म्हणालो. त्यांनी पेन खाली ठेवलं. ज्या घरातून पुढे मज्जा घ्यायची शक्यता असते, त्या घरच्यांचं रक्त आधी चढवायचं नसतं. मुलाचं शरीर त्या रक्तातल्या खुणा ओळखून ठेवतं आणि नंतर तशाच खुणांची मज्जा आली की ती नाकारण्याचा धोका वाढतो. भावाला रक्त द्यायचंच होतं तर त्याने ते पेढीला द्यावं आणि मुलाला परक्याचं चढवावं, इतका साधा मार्ग होता. तसं सांगितलं असतं तर तो रुसलाही नसता.

दुसरी गोष्ट मी कितीतरी महिने कुणाला विचारली नाही. आमच्या भागात कुणाच्या घरी मोठं दुखणं आलं की बोट कारखान्यांकडे जातं. बेंझिनने मज्जा मरते, हे आम्हाला सेफ्टी ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं. मग माझ्याच कपड्यांवरून काही घरात आलं का? बायको माझे कपडे वेगळे धुवायला लागली. ती काही बोलली नाही, मीही बोललो नाही, आणि ती वेगळी बादली दोघांच्या मध्ये येऊन बसली. डॉक्टरांना विचारायची मला भीड वाटली. उत्तर हो आलं तर नोकरीचं काय, आणि मुलाच्या तोंडाकडे बघायचं कसं? अखेर बायकोनेच विचारलं. डॉक्टर शांतपणे म्हणाले, बेंझिन, किरणोत्सर्ग, काही औषधं, काविळीचे काही प्रकार यांनी मज्जा खलास होऊ शकते हे खरं, पण बहुतेक मुलांत कारण सापडतच नाही. पुष्कळदा शरीराचीच प्रतिकारशक्ती उलटून मज्जेवर उठते. तुमच्या मुलात नेमकं काय घडलं, हे सांगणारी तपासणी नाही. उत्तर अर्धंमुर्धं होतं, तरी त्या दिवसापासून कपडे पुन्हा एका बादलीत भिजायला लागले. पहिल्याच आठवड्यात विचारलं असतं तर तेवढे महिने आम्ही एकमेकांना चोरासारखे चुकवत फिरलो नसतो.

पैशांच्या बाबतीतही तेच. माझा पगार २१,००० च्या वर गेला तेव्हाच ईएसआयचं विमा-संरक्षण सुटलं होतं. खर्चाचा आकडा ऐकल्यावर मी पतपेढी गाठली, बायकोच्या पाटल्या गहाण टाकल्या आणि मेहुण्याकडून उसने घेतले. वैद्यकीय समाजसेविकेची खोली हॉस्पिटलातच होती, तिच्या दारावरून मी रोज जायचो. आत जाऊन हात पसरायचा कसा, या विचाराने उंबरा ओलांडला नाही. शेवटी त्यांनीच बोलावून घेतलं. तेव्हा कळलं, की महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं, काय नाही, हे आधी बघून घ्यायचं असतं. थॅलेसेमियाच्या मुलांसाठी कोल इंडियाच्या पैशातून २०१७ साली थॅलेसेमिया बाल सेवा योजना सुरू झाली, घरातला दाता जुळत असेल तर ठरलेल्या रुग्णालयांत ट्रान्सप्लांटसाठी १० लाखांपर्यंत मदत मिळते आणि पुढे तिच्यात अप्लास्टिक अ‍ॅनिमियाही धरला गेला. पंतप्रधान आणि मुख्यमंत्री निधी आहेत, मोठ्या देवस्थानांचे वैद्यकीय निधी आहेत. पण बहुतेक ठिकाणी मंजुरी उपचाराआधी लागते. आमचं काही मिळालं, काही केवळ उशिरामुळे गेलं. आता फोन करणाऱ्याला मी आधी हेच सांगतो, ट्रान्सप्लांटची तारीख ठरायच्या आत समाजसेवकाला भेटा. तिथं भीक मागायला जायचं नसतं, फॉर्म भरायला जायचं असतं.

ट्रान्सप्लांट मार्गशीर्षात झालं. सख्ख्या भावंडाची मज्जा पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. आमची थोरली, तेव्हा आठवीत, जुळली. भारतात असं पहिलं यशस्वी ट्रान्सप्लांट १९८३ साली मुंबईत टाटा मेमोरियलमध्ये डॉ. सुरेश अडवाणींनी केलं होतं. नऊ वर्षांची मुलगी होती आणि मज्जा तिच्या भावाची. आमच्याकडे बहिणीने भावाला द्यायची होती. डॉक्टरांनी ती गोष्ट सांगितली तेव्हा थोरलीने एकच विचारलं, "ती मुलगी मोठी झाली का?" झाली, म्हणाल्यावर ती गप्प बसली. तिला आणखी काय विचारायचं होतं, हे आम्ही विचारलं नाही. ते पुढे येतंच.

ज्यासाठी अख्खं घर नवस बोलत होतं, ते प्रत्यक्षात दिसायला रक्ताच्या पिशवीसारखंच निघालं. केमोने आधीची मज्जा पुरती साफ केलेली, छातीवरच्या लाइनमधून थोरलीची मज्जा काही तासांत आत गेली. त्या दिवसाला डे झिरो म्हणतात. मग काउंटची वाट बघायची. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी सलग तीन दिवस ५०० च्या वर राहिल्या की मज्जा रुजली. आमची रुजली. वॉर्डच्या सिस्टरने काचेपलीकडून अंगठा दाखवला आणि मी समजलो, जिंकलो.

इथून पुढं आमचं खरं चुकायला लागलं. ट्रान्सप्लांटनंतर पहिले १०० दिवस फार जपायचे हे सगळ्यांना ठाऊक असतं. शंभरावा दिवस उलटला की माणूस सैलावतो, आणि मुलाची प्रतिकारशक्ती मात्र तेव्हाही तान्ह्या बाळासारखीच असते. जन्मापासून घेतलेल्या लसींचा असरही पुसला जातो, सगळ्या पुन्हा द्याव्या लागतात. गोवराची लस जिवंत विषाणूची, ती तर साधारण दोन वर्षं उलटल्यावर आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं थांबल्यावरच.

तो घरी येणार म्हणून मी त्याची खोली करायला काढली. जुनी जमीन उखडून टाइल्स, भिंतीला गिलावा, ओल येऊ नये म्हणून सगळा खटाटोप. काम मावसभावाला दिलं. तो आज येतो, उद्या येतो करत राहिला. नात्यातला माणूस, त्यात पैसे कमी घेतोय, म्हणून मी कानाला फोन लावूनही "जमेल तसं कर" एवढंच म्हणायचो. आमची मुंबईहून निघायची तारीख आली तेव्हा घरात सिमेंटचा धुरळा तरंगत होता. हॉस्पिटलच्या ट्रान्सप्लांट को-ऑर्डिनेटरला मी सहज म्हणालो, "खोली अगदी नवी केलीय." तिने विचारलं, "काम कधी संपलं?" मी म्हटलं, "चालूच आहे." ती दोन मिनिटं काहीच बोलली नाही. तोडफोडीच्या धुळीत, ओल्या भिंतीत आणि गवताच्या गंजीत अ‍ॅस्परजिलस नावाची बुरशी असते. धडधाकट माणसाला ती काही करत नाही, अशा मुलाच्या फुप्फुसात मात्र घर करते. पुस्तिकेत ते लिहिलेलं होतं, मी ते पान हायवेच्या कामासाठी आहे असं समजून उलटलं होतं, कारण तेव्हा आमच्या रस्त्याला जिकडेतिकडे खोदकाम. काम संपून, घर धुऊन-पुसून धूळ बसेपर्यंत बायको आणि तो मुंबईतल्या भाड्याच्या खोलीत अडकून पडले. ज्याला मी दुखवायचं टाळलं त्या मावसभावाला हे कळल्यावर तो म्हणाला, "आधी बोलला असतास तर चार गडी जास्ती लावले असते."

मे महिन्यात चाकरमानी आले. कोकणात मे महिन्यात दाराला कडी घालणं म्हणजे घराण्याला काळिमा. आम्ही ओटीवर खुर्च्या टाकल्या, सगळ्यांनी तिथंच बसायचं, आत कुणी यायचं नाही, असं ठरवलं. पण आत्या आली ती नातवाला कडेवर घेऊनच. पोर किरकिरत होतं. प्रवासाने असेल, ती म्हणाली. मला विचारायचं होतं, ताप आहे का म्हणून. त्याच आत्याने आमच्या संकटात पाटी भरून आंबे आणि पदराला बांधून पैसे पाठवले होते. विचारलं नाही. नातू घरभर फिरला, धाकट्याच्या पलंगावरही चढला. दुसऱ्या दिवशी त्याच्या पोटावर फोड आले. कांजिण्या. त्या अंगावर उठायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच पसरतात. हॉस्पिटलला फोन केला तर ते म्हणाले, विचार करत बसू नका, निघा. कांजिण्यांच्या संपर्कानंतरचे पहिले काही दिवसच हाताशी असतात, तेवढ्यात प्रतिबंधक उपचार द्यावे लागतात. कशेडी घाट उतरताना बायको एवढंच म्हणाली, "अहो, 'ताप आहे का' असं विचारायला पैसे पडतात का?" धाकट्याला काही झालं नाही. आत्याला मात्र आम्ही आजवर खरं सांगितलेलं नाही, म्हणजे ती भीड अजून गेलेली नाही.

सगळ्यांत जड चूक पावसाळ्यातली. नवी मज्जा शरीराशी भांडू नये म्हणून सायक्लोस्पोरिन हे औषध साधारण वर्षभर, सकाळ-संध्याकाळ, बारा तासांच्या अंतराने देतात. रक्तातली त्याची पातळी, सगळे नुसती 'लेव्हल' म्हणतात, सतत मोजावी लागते. ती सकाळची मात्रा द्यायच्या आधी मोजायची, म्हणजे आदल्या रात्रीच्या डोसनंतर बारा तास झाल्यावर अंगात किती उरलंय ते कळतं. मात्रा दिल्यावर मोजली तर आकडा फुगून येतो, कारण तास-दोन तासांत औषध रक्तात शिगेला पोचतं.

आम्ही रात्रीच गाडी करून निघालो होतो. बायको धाकट्याचं डोकं मांडीवर घेऊन पेंगत होती. मोबाइलचा औषधाचा गजर वाजला. मी हात मागे करून पिशवीतून कॅप्सूल काढली, झोपेतल्या पोराला पाण्याबरोबर दिली आणि गजर बंद केला. हॉस्पिटलच्या रक्त काढायच्या खिडकीपाशी उभा राहिलो तेव्हा लक्षात आलं. पुढे रांग, मागे रांग. आतल्या मुलाने मान वर न करता विचारलं, "सकाळचा डोस नाही ना दिला?" खरं सांगितलं तर आज परत, उद्या पुन्हा यायचं, रात्रीच्या लॉजचे पैसे, माझी एक रजा, आणि मागच्या माणसाचा सुस्कारा. मी म्हणालो, "नाही." बाटलीवर त्याने वेळ लिहिली. बायको बाजूला होती, तिला यातलं काहीच माहीत नव्हतं.

मी पंधरा वर्षं प्लांटवर सॅम्पल काढतोय. चुकीच्या वेळी काढलेल्या सॅम्पलवर बॅच पुढे ढकलली तर काय होतं हे मी नव्या पोरांना शिकवतो. एका ट्रेनीने घेतलेलं रीडिंग खोटं निघालं म्हणून मी त्याची लॉगशीट सगळ्यांसमोर फाडली होती.

त्याच दिवशी डॉक्टरांनी नेहमीचा दुसरा प्रश्न विचारला, "आणखी काही देता? आयुर्वेदिक, काढा वगैरे?" माझी आई त्याला रोज सकाळी गुळवेलीचा काढा देत होती. ताकद यावी, एवढाच तिचा हेतू. मला माहीत होतं. सत्तरीतल्या आईला, जिने नातवासाठी अनवाणी परशुरामाच्या देवळापर्यंत चालत जायचा नवस केला, तिला मी तो बंद कर म्हणू शकलो नव्हतो, आणि डॉक्टरांसमोर तिची चूक उघडी करवेना. पुन्हा "नाही". ज्या मुलाची प्रतिकारशक्ती आम्ही मुद्दाम दाबून ठेवत होतो, तिलाच उठवणारी म्हणून नावाजलेली वनस्पती आम्ही पाजत होतो, हा विरोधाभास मला तेव्हा सुचलाच नाही. शिवाय २०२१ साली मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली होती. आयुष मंत्रालयाने त्यावर, तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीची गफलत असावी, असं म्हटलं. वाद असेल, पण तो माझ्या मुलाच्या यकृतावर सोडवायचं काही कारण नव्हतं.

लेव्हल अर्थातच जास्त आली. डॉक्टरांनी डोस कमी केला आणि आठवड्याने पुन्हा तपासायला सांगितलं. तो आठवडा मुसळधार पावसाचा. रेल्वे थांबलेली, रस्त्यावर दरडी. पाऊस ओसरला की जाऊ, असं मी म्हटलं आणि को-ऑर्डिनेटरला फोनही केला नाही. सारखा सारखा कशाला त्रास द्यायचा! चिपळूणच्या लॅबमधून नमुना मुंबईला पाठवता येतो, हे तिने फोनवर एका वाक्यात सांगितलं असतं. तोवर धाकट्याच्या तळहातांवर, तळपायांवर आणि कानांच्या पाळ्यांवर लाली चढली होती. मग जुलाब. जीव्हीएचडी, म्हणजे दात्याच्या पेशी नव्या शरीराला परकं मानून त्याच्यावर उठतात.

मुंबईला पोचल्यावर मी डॉक्टरांसमोर दोन्ही 'नाही' मागे घेतले. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फाइल उघडली, त्या तारखेच्या लेव्हलभोवती गोल केला आणि विचारलं, "डोस किती वाजता दिला होता?" मी सांगितलं. त्यांनी ती वेळ आकड्याशेजारी लिहिली. याच्यामुळेच हे झालं असं मी म्हणणार नाही, ते म्हणाले, पण आम्ही तुमच्या उत्तरांवर औषध ठरवतो. मग स्टेरॉइड सुरू झालं. पोराचं तोंड भोपळ्यासारखं फुगलं, सायक्लोस्पोरिनने कपाळावर लव आली, आणि शेजारच्या पोरांनी खिडकीतून त्याला अस्वल म्हटलं. आईला काढ्याचं सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मला आधी नाही का सांगायचंस? मी काय त्याची वैरीण होते?"

थोरलीकडे मात्र आमचं कुणाचंच लक्ष नव्हतं. कमरेच्या हाडातून मज्जा काढल्यावर दोन-तीन दिवसांत तिला आत्याबरोबर लोट्याला धाडलं होतं. बाकावर बसताना तिची कंबर दुखते की नाही, लोहाच्या गोळ्या ती घेते की नाही, कुणी विचारलं नाही. घरी येणारं जाणारं प्रत्येक माणूस तिच्या पाठीवर हात फिरवून म्हणायचं, "तुझ्यामुळे भाऊ वाचला गं." आम्हीही कौतुकाने तेच म्हणायचो. जीव्हीएचडी झाल्यावर मी ओटीवरून भावाला फोनवर समजावून सांगत होतो, "अरे, ताईच्या पेशी त्याच्या कातडीवर उठल्यात." ती आत भाजी निवडत होती.

त्यानंतर ती धाकट्यापासून लांब राहायला लागली. जेवण ताटात वाढून देई, पण खोलीत जात नसे. आम्हाला वाटलं, संसर्गाची काळजी घेतेय, शहाणी झाली पोर. एका रात्री सेकंड शिफ्ट करून आलो तेव्हा ती जागीच होती. म्हणाली, "पप्पा, माझ्या पेशी परत काढून घेता येतात का?"

मला उत्तर देता आलं नाही. भाऊ वाचल्याचं श्रेय आम्ही तिच्या पदरात घातलं, त्याच गाठीत पुढचा दोषही बांधून दिला होता. आणि मुळात मज्जा देशील का, असं तिला मनापासून कुणी विचारलंच नव्हतं. ती नाही म्हणाली तर काय, या भीतीने मोठ्यांनी परस्पर ठरवलं होतं. पोटच्या पोरीचीही भीड वाटते, हे मला त्या रात्री कळलं.

पुढच्या खेपेला तिला बरोबर नेलं. डॉक्टरांनी आम्हाला बाहेर बसवलं आणि तिच्याशी एकटीशी बोलले. काय बोलले ते तिने सगळं सांगितलं नाही. येताना गाडीत एवढंच म्हणाली, की दोन्हीकडच्या पेशींना एकमेकींची ओळख पटायला वेळ लागतो, त्यात देणाऱ्याने काही चांगलं-वाईट केलेलं नसतं. आणि "त्याचा रक्तगट आता माझा झालाय, ओ पॉझिटिव्हचा बी पॉझिटिव्ह." हे शेवटचं सांगताना ती हसली. तिच्या हिमोग्लोबिनची तपासणी त्या दिवशी झाली. कमी निघालं. ते आम्ही केव्हाच बघायला हवं होतं.

एक चूक बायकोच्या वाट्याला गेली, पण केली मी. औषधांचं वेळापत्रक, लाइनची स्वच्छता, फाइल, सगळं तिच्यावर. मी शिफ्ट करतो, पैसे आणतो, माझं काम झालं, अशी माझी समजूत. तिला ताप आला आणि तिला वेगळं झोपवावं लागलं, तेव्हा मला कुठली गोळी किती वाजता हे माहीत नव्हतं. तिने दाराआडून ओरडून सांगितलं आणि मी हातावर लिहून घेतलं. आता आमच्याकडे भिंतीवर लॉगशीट आहे, प्लांटवर असते तशीच, वेळ आणि सहीसकट. थोरलीसुद्धा सही करते.

गणपतीत देवापुढच्या फळांत पपनस होतं, परसातलंच. धाकटा त्याच्यावर डोळा ठेवून होता. जाड सालीचं फळ, सोलून खायचं, म्हणजे चालेल असं सगळ्यांचं मत पडलं. मी ऐन आरतीच्या वेळी को-ऑर्डिनेटरला फोन लावला. "बरं झालं विचारलंत," ती म्हणाली, "अजिबात देऊ नका." ग्रेपफ्रूट आणि पपनस ही भावंडं, दोन्हींनी सायक्लोस्पोरिनची लेव्हल वाढते. धाकट्याने भोकाड पसरलं, पाहुण्यांनी तोंडं वाकडी केली, भाऊ म्हणाला की एका फोडीने काय होतंय. मी पपनस उचललं आणि शेजारी देऊन आलो. भाऊ दोन दिवस नीट बोलला नाही. बोलला नाही तर बोलला नाही.

आता धाकटा तिसरीत आहे. औषधं बंद झाली, लसींचं कार्ड पुन्हा भरत आलं, मज्जा थोरलीची असली तरी खोड्या त्याच्याच आहेत. फोन करणाऱ्या आईवडिलांना मी सांगतो, की मुलाच्या बाजूने उद्धट व्हायची तयारी ठेवा. सर्दी आहे का विचारा, चूक झाली तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा, आणि दाता घरातलं मूल असेल तर त्यालाही पेशंट समजा. माणसं दुखावतात, पण बहुतेक जण चार दिवसांत विसरतात. विसरले नाहीत तरी चालतं.

मला हे अजून नीट जमलेलं नाही. दाराशी कुणी आलं की माझ्या तोंडून आधी "या, या" हेच निघतं. खोकला आहे का, हे बायको विचारते, आणि ती घरात नसली की थोरली.